ठासणीची बंदूक, बुधवारातला बोळ : प्रस्तावना

नियम लिहून काढण्याची हौस पुण्याला जुनी आहे. बॅडमिंटनचे पहिले लिखित नियम १८७३ साली इथल्या लष्करी छावणीत तयार झाले आणि काही काळ तो खेळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. खो-खोची पहिली नियमावली १९१४ साली डेक्कन जिमखान्याने बांधली. घरोघरी मात्र प्रत्येक वाड्याचा कायदा वेगळा. कॅरममध्ये राणी घेतल्यावर कव्हर लगेच हवं की पुढच्या पाळीला चालेल, मेंढीकोटात हुकूम कधी उघडायचा, पाच-तीन-दोनमध्ये ओढलेल्या पानाच्या बदल्यात कोणतं पान परत करायचं, यावर दोन सख्खे चुलतभाऊसुद्धा एकमताचे नसतात. पाहुणा खेळायला बसला की पानं वाटण्याआधी त्याला ‘आमच्याकडे असं खेळतात’ हे सुनावलं जातं. ही पुस्तिका त्याच परंपरेतली आहे. टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळात बंदूक आली, तर तिच्यासाठी घरचे नियम कसे करायचे, हा तिचा विषय. खेळाची जागा बुधवार पेठ आणि काळ सवाई माधवरावांच्या कारकिर्दीची शेवटची वर्षं.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. भूमिकाखेळात पट असलाच पाहिजे असं नाही. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो, सूत्रधार प्रसंग उभा करतो, खेळाडू आपापलं पात्र काय करतंय ते बोलून सांगतो आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकला जातो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला आणि या प्रकाराला बाजारात जागा मिळाली. त्याची मुळं युद्धखेळात होती. प्रशियात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ‘क्रीगश्पील’ची नियमावली काढली. त्यात नकाशावर पलटणी हलायच्या आणि गोळीबाराचं नुकसान फाशावर ठरायचं. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यातल्या स्प्रिंगच्या तोफा खरोखर गोळे फेकायच्या. म्हणजे या खेळाच्या खानदानात बंदूक आधी आली आणि ड्रॅगन मागाहून. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने मध्ययुग निवडलं, तलवार केंद्रस्थानी ठेवली, आणि तिथपासून बंदूक या खेळात उपऱ्यासारखी वावरते आहे.

अडचण कुठे येते ते पाहू. बहुतेक खेळांत पात्राकडे जिवाचे गुण असतात. खेळणारे त्यांना ‘एचपी’ म्हणतात. घाव बसला की गुण कमी होतात, संपले की पात्र पडतं. तलवारीच्या झुंजीला हा हिशोब शोभतो, कारण झुंज लांबते, माणूस दमतो, खरचटतो, मागे सरतो. बंदुकीला तो शोभत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत, २०१४ च्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात, बंदुकांचे ऐच्छिक नियम दिले आहेत. पिस्तुलाला दहा पैलूंचा फासा आणि मस्केटला बारा पैलूंचा. तिथे नवख्या, आठ गुणांच्या पात्राला एक गोळी आडवं करू शकते, तर ऐंशी गुणांचा मुरलेला योद्धा सात-आठ गोळ्या छातीवर झेलूनही दाढी कुरवाळत उभा राहतो. त्यात तिथली फेरी सहा सेकंदांची, आणि प्रत्येक फेरीत मस्केट एकदा उडवता येते. मिनिटाला दहा बार झाले. ठासणीच्या बंदुकीतून मिनिटाला दहा बार कोणत्याही पलटणीने कधी काढलेले नाहीत. कवायत पक्की असलेल्या शिपायाकडून चकमकीच्या बंदुकीने तीन, फार तर चार, एवढीच मजल होती.

यावर वेगवेगळ्या खेळांनी वेगवेगळे उपाय केले. १९७५ च्या ‘बूट हिल’ने अमेरिकन वेस्टर्नचा मामला घेऊन पात्रांचं मरण स्वस्त केलं. १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ने शंभरातल्या टक्क्यांचा हिशोब आणला आणि बंदूक ऐन वेळी अडकू शकते हेही नियमात लिहिलं. ‘गर्प्स’ने १९८६ साली फेरी एका सेकंदावर आणली. ‘फीनिक्स कमांड’ने तर गोळी शरीरात कुठे शिरली आणि तिने काय फाडलं याचे तक्ते छापले, ते वाचताना आपण खेळतोय की शवविच्छेदनाला बसलोय असा प्रश्न पडतो. ‘पाथफाइंडर’ने २०११ मध्ये जवळच्या अंतरावर चिलखताचा उपयोग काढून घेतला आणि बार फुसका जाण्याचा धोका घातला. यातलं बरंच काही उचलण्याजोगं आहे आणि आम्ही उचललंही आहे. पण या बहुतेकांचं मुख्य लक्ष गोळीवर आहे: ती किती लागते, कुठे लागते, कितीदा सुटते. आमचं म्हणणं असं की ठासणीच्या काळातल्या बंदुकीचं नाट्य गोळीच्या आधीच्या मिनिटात आणि नंतरच्या मिनिटात असतं. मोजायचीच असतील तर ती दोन मिनिटं मोजावीत. या पुस्तिकेतले सगळे नियम या एका मतातून निघाले आहेत.

आधीचं मिनिट घेऊ. तोड्याची बंदूक भरायची म्हणजे शिंगातून बेताची दारू नळीत ओतायची, वरून गोळी सोडायची, गजाने ठासायची, गज काढून घ्यायचा (घाईत तो नळीतच राहायचा आणि गोळीबरोबर उडून जायचा), नळीच्या कानावर (बुडाशी असलेल्या छिद्रावर) रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, घालायची, तोड्याचं टोक फुंकून निखारा जागता करायचा, आणि मग नेम धरून चाप ओढायचा. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. ती लढाईभर धुमसत ठेवावी लागते. रात्री तिचा ठिपका दिसतो, वास येतो, आणि ती हातात असताना दारूचं शिंग उघडणं हे धाडसाचं काम असतं. चकमकीच्या बंदुकीला तोडा लागत नाही, गारगोटीची ठिणगी पुरते. पण ती महाग, आणि दगड झिजला की रुसणारी. हे सगळं सहा सेकंदांच्या फेऱ्यांत खेळायचं तर बंदूकवाल्या खेळाडूने दहा पाळ्या ‘मी अजून भरतोय’ एवढंच म्हणत बसायचं. तो तेवढ्यात चहा करून आणेल, खेळणार नाही.

म्हणून आम्ही फेरीच बदलली. इथली फेरी अंदाजे वीस सेकंदांची आहे. यात विचित्र काही नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या जुन्या आवृत्त्यांमध्ये झुंजीची फेरी पुऱ्या एका मिनिटाची असे. वीस सेकंदांत तलवारीचे पाच-सहा वार, हुलकावण्या, मागे सरणं, सगळं आलं. फासा त्या सगळ्याचा मिळून एकदाच पडतो. तोड्याची बंदूक भरायला तीन फेऱ्या लागतात: दारू, ठासणी, रंजक. चकमकीच्या बंदुकीला दोन. प्रत्येक फेरीत खेळाडूपुढे निवड असते. दारू नेहमीची घालायची की जास्त? ठासताना उभं राहायचं की आडोशाला बसून वेळ घालवायचा? रंजक घालतानाच समोरचा धावून आला तर बंदूक टाकून कट्यार काढायची, की बंदुकीचा दस्ताच त्याच्या डोक्यात घालायचा? भरणं हा असा तीन पायऱ्यांचा प्रसंग झाला की वाट पाहण्यातली मरगळ जाते आणि टेबलावरचे बाकीचे खेळाडूही त्या तीन फेऱ्या त्याला वाचवण्यात गुंततात.

जवळच्या झुंजीत बंदूक किती कमी कामाची असते, याचं पुण्यातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बुधवारापासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो गारद्यांकडून. गारदी म्हणजे कवायती, बंदुका बाळगणारं पायदळ. इब्राहिमखान गारद्याच्या हाताखालच्या अशाच पलटणींनी १७६१ साली पानिपतावर गोळीबाराने अफगाण फौजेला जेरीस आणलं होतं. तरीही वाड्याच्या दालनांत गारद्यांचा म्होरक्या सुमेरसिंग आणि त्याच्या साथीदारांनी काम केलं ते तलवारीने. बंद जागेत, पळत्या माणसामागे, ठासायला मिनिट कुणाकडे असतं? म्हणून आमच्या नियमांत पहिला बार घरूनच भरून आणता येतो, आणि तो सुटला की बहुतेक झुंजी पोलादावर येतात. पात्राच्या कंबरेला तलवार किंवा कट्यार नसेल तर सूत्रधाराने खेळाडूला एकदा विचारावं, दुसऱ्यांदा विचारू नये.

बार राखून ठेवणं हे बार काढण्याहून अवघड, हेही पुण्याच्याच एका लढाईने दाखवलं आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला मराठी घोडदळ चालून आलं तेव्हा मधली दलदल पाहून इंग्रज फौजेच्या कर्नल बरने आपल्या शिपायांना गोळीबार रोखून धरायला लावला. घोडी दलदलीत अडखळली आणि मग जवळून बार सुटला. यावरून ‘राखीव बार’ हा नियम केला आहे. भरलेली बंदूक रोखून जो पुढल्या फेरीपर्यंत थांबतो त्याला एक जादा फासा मिळतो. पण तेवढ्या वेळात त्याच्यावर कुणी धावून आलं तर आधी धीराची परीक्षा. परीक्षेत नापास झाला तर बार घाईत सुटतो आणि जादा फासा जातो.

अंतराचे लांबलचक तक्ते आम्ही टाकून दिले. गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा एका माणसावरचा नेम शंभर पावलांपुढे नशिबावर असतो, हे खरं. पण जोगेश्वरीच्या आसपासच्या किंवा तुळशीबाग-बेलबागेच्या मागच्या बोळांत शंभर पावलं सरळ नजर पोचते कुठे? तेव्हा अंतरं तीनच: ओसरीचं, चौकाचं आणि रस्त्याचं. तिन्ही माऱ्यातच येतात. खरा फरक पडतो तो आडोशाने. दगडी जोतं गोळी पूर्ण अडवतं. सागवानी खांब अडवतो, पण खांबामागे एकच माणूस मावतो. दिंडी दरवाजाची फळी जवळच्या अंतरावर भरवशाची नाही. माडीच्या सज्जातून खाली नेम सोपा, मात्र खालून वर पाहणाऱ्याला तोड्याचा निखारा स्पष्ट दिसतो. वाड्याची रचना ज्यांच्या अंगवळणी आहे त्यांना हे नियम पाठ करावे लागणार नाहीत.

आता गोळी लागल्यावर काय. इथे काळाच्या पुढच्या दोन घटना आम्ही समोर ठेवल्या, कारण त्या पुण्यात घडल्या आणि त्यांची नोंद नीट आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर दामोदर चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर आणि बाळकृष्ण चापेकरांनी लेफ्टनंट आयर्स्टवर, अगदी जवळून गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला. रँड ३ जुलैपर्यंत जगला. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर तितक्याच जवळून गोळ्या झाडल्या, हॉटसन वाचले. शस्त्रं वेगळी, अंतर जवळपास तेच, आणि निकाल तीन तऱ्हांचे: जागीच मृत्यू, काही दिवसांनी मृत्यू, बचाव. गुण वजा करण्याच्या पद्धतीत मधल्या निकालाला जागाच नसते. म्हणून गोळीपुरते आम्ही गुणांचा हिशोब बाजूला ठेवला. गोळी लागली की दोन फासे टाकायचे आणि तीन रकान्यांचा तक्ता पाहायचा: ‘निभावलं’, ‘जखम’, ‘घात’. जखमेच्या रकान्यात पात्र हिंडूफिरू शकतं, बोलू शकतं, पण दर दिवशी जखम चिघळते की भरते याचा फासा पडतो. त्यामुळे वैद्य शोधणं, लपायला घर मिळवणं, कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हे ठरवणं, अशी सगळी गोष्ट झुंज संपल्यावर सुरू होते. ऐंशी गुणांचा योद्धा आणि आठ गुणांचा कारकून या तक्त्यापुढे सारखे आहेत. काही खेळाडूंना हा अन्याय वाटतो. आम्हाला तो नियमाचा हेतू वाटतो.

फाशांबद्दल. दहा, बारा, वीस पैलूंचे फासे हौशी लोक मागवून घेतात. इथे ल्यूडोच्या डब्यातले साधे सहा पैलूंचे दोन फासे पुरतात. फुसक्या बाराचा नियमही त्यांवरच बसवला आहे. कोरड्या हवेत बेरीज दोन किंवा तीन आली तर बार फुसका. छत्तीस शक्यतांपैकी तीन, म्हणजे सुमारे आठ टक्के. श्रावणातल्या झडीत बेरीज पाचपर्यंत आली तरी फुसका. छत्तीसांत दहा, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस टक्के. दोन्ही एक्के पडले तर दारू बंदुकीच्या कानावर भडकून नेम धरणाऱ्याचा चेहरा होरपळतो. हे आकडे आम्ही खेळाच्या सोयीने बेतले आहेत. त्यांना इतिहासाचा पुरावा समजू नये. पावसाळ्यात बंदूकवाल्याने दोनदा विचार करावा, एवढाच त्यांचा उद्देश आहे.

बारानंतरचं मिनिट मात्र बहुतेक नियमपुस्तकं विसरतात, आणि बुधवारात तेच सर्वांत महत्त्वाचं. पेशवाईत रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी असे. नंतर जो सापडेल त्याला कोतवालाची माणसं धरत. आपल्या खेळाच्या काळात ती कोतवाली कशी होती हे सांगायला एक नाव पुरे: घाशीराम. १७९१ साली त्याच्या कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या जमावाने त्यालाच दगडांनी ठेचून मारलं. अशा शहरात, अशा रात्री, बोळात बंदुकीचा बार काढायचा म्हणजे आपण इथे आहोत हे साऱ्या पेठेला ओरडून सांगायचं. म्हणून ‘गाजावाजा’ नावाचं एक माप ठेवलं आहे. प्रत्येक बाराला ते वाढतं. ठरावीक पातळीला शेजारचे दरवाजे लागतात, पुढच्या पातळीला दिवट्या दिसतात, त्यापुढे गस्त येते. काळ्या दारूचा धूर बोळात कोंडून राहतो, त्यामुळे बारानंतरच्या फेरीत दोन्ही बाजूंना नेम धरणं अवघड जातं. शिवाय आग. माड्या लाकडाच्या, आत गवत, कापड, तेल. ठिणगी पडली तर सूत्रधाराने फासा टाकावा. पुण्याचे लाकडी वाडे कसे पेटतात ते १८७९ साली बुधवारवाडा जळाला तेव्हा साऱ्या शहराने पाहिलं. ती आग लावलेली होती, पण लाकडाला कारणाशी कर्तव्य नसतं.

या सगळ्याचा खेळावर होणारा परिणाम आम्हाला आवडतो. बंदूक इतकी जीवघेणी, इतकी संथ आणि इतकी बोभाटा करणारी झाली की खेळाडू ती रोखतात जास्त आणि उडवतात कमी. बोलणी सुरू होतात, सावकाराची चिठ्ठी निघते, ओळख काढली जाते, लाच दिली जाते, मागच्या दाराने पळ काढला जातो. भूमिकाखेळात हेच तर हवं असतं. जिथे प्रत्येक प्रसंग गोळीबाराने सुटतो तिथे पात्रांना स्वभाव असण्याची गरजच उरत नाही.

दोन गोष्टींबद्दल आमचा आग्रह आहे. इतिहासातल्या खऱ्या माणसांचे खून खेळाडूंच्या हातून करवू नयेत. नारायणरावांची रात्र आम्ही वर नियम समजावण्यापुरती आणली. ती प्रसंग म्हणून खेळायला दिलेली नाही. दुसरं, बुधवार पेठ म्हटलं की काही लोकांच्या डोळ्यांपुढे एकच वस्ती येते. तिथल्या बायकांचं जगणं हा कुणाच्या खेळातला मसाला नाही. पेठेत देवळं, वाडे, पेढ्या, दुकानं आणि हर जातीची, हर धंद्याची माणसं होती आणि आहेत. गोष्टीला तेवढं पुष्कळ आहे.

खेळायला बसण्याआधी जमल्यास शुक्रवारातल्या राजा केळकर संग्रहालयात एक फेरी मारावी आणि जुनी शस्त्रं नीट पाहावीत. ठासणीची बंदूक लांबीला केवढी, हे डोळ्यांनी पाहिलं की ती घेऊन जिन्यात वळता का येत नाही ते नियम न वाचता कळतं. मग अप्पा बळवंत चौकातून चौकटीची एक वही घ्यावी आणि आपापल्या टेबलाचे नियम तिच्यात लिहायला लागावं. आमच्या तीन फेऱ्या तुम्हाला जास्त वाटल्या तर दोन करा. गाजावाजाची पातळी खाली-वर करा. घाताचा रकाना लहान करा. अट एकच: जो बदल कराल तो झुंज सुरू होण्याआधी करा, सगळ्यांसमोर वाचून दाखवा आणि तारखेसह लिहून ठेवा. फासा पडल्यानंतर केलेल्या नियमाला नियम म्हणत नाहीत.